अन्यथा नाइलाजास्तव

तंबू उघडायला दोन सेकंद लागत. पिशवीची चेन ओढली की तो बांधलेलं वासरू सुटावं तसा उसळी मारून बाहेर यायचा आणि आपोआप उभा राहायचा. मिटायला मात्र दोन माणसं, एक माहितीपुस्तिका आणि एक भांडण लागायचं. म्हणून सहलीच्या सहाव्या दिवशी, भर दुपारी, एका तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या बागेसमोर चिंतामणराव अंजनकर ती पिशवी छातीशी धरून नुसते उभे होते. उघडला की उद्या मिटावा लागेल, एवढं एकच सत्य त्यांना सहा दिवसांत उमगलं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर एका गावाची अब्रू जाईल, आणि बाकीच्या बारा तालुक्यांना उगाच वाटेल की आपण सुटलो.

"अहो, काय पाहून राह्यले? उघडा न!" शरयूताई गाडीतून म्हणाल्या.

"उघडतो," चिंतामणराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आता प्राण असा उरला नव्हता.

चिंतामणराव चिखलीला एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. एकतीस वर्षं आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, या धंद्यात माणसाला एकच महत्त्वाकांक्षा उरते, ती म्हणजे दुपारची झोप. पण शरयूताईंनी मोबाईलवर एक नवरा-बायको पाहिले होते. ते गाडीत तंबू टाकून गावोगाव, रानोरान हिंडत आणि हिंडताना हसत. पुण्याच्या भार्गवीनं, म्हणजे लेकीनं, आईच्या वाढदिवसाला तंबूच पाठवून दिला. "हॉटेलात तं कोणीही झोपते," शरयूताई म्हणाल्या होत्या. "मले आभाळाखाली झोपायचं हाय. लग्नाले तीस वर्षं झाली, तुम्ही मले पंख्याखालीच ठेवलं."

दोघं निघाले. पहिली रात्र ज्ञानगंगेच्या जंगलाकडेला, ओळखीच्याच्या शेतात. शेतमालक जाता जाता सहज म्हणाला, "अस्वल येते कधीमधी, पण बिचारं गरीब हाय." त्या गरिबाची वाट पाहत चिंतामणरावांनी पहाट केली. अकोल्यात भाचीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये तंबू टाकला, तर रखवालदारानं दोघांची नोंद वहीत 'सामान' या रकान्यात केली. चिखलदऱ्याला तंबू उतारावर लागला. सकाळी जाग आली तेव्हा शेजारी परतवाड्याचं एक अनोळखी कुटुंब चहा पीत बसलं होतं. ते कुटुंब तिथंच होतं, सरकला होता तो अंजनकरांचा तंबू, चांगला पंधरावीस हात. अमरावतीला शेजारच्या मंगल कार्यालयात वरात आली. तिच्याविषयी चिंतामणराव पुढं आयुष्यभर काही बोलले नाहीत, कारण दोन दिवस त्यांना ऐकूच येत नव्हतं.

हे सगळं त्यांनी सोसलं. पण खरी अडचण निराळी होती, आणि ती शरयूताईंची होती. बाई घराबाहेर पाणी पीत नसत. निघताना उंबरठ्यावर शेवटचा घोट, तो परत आल्यावर उंबरठ्यावर पहिला. एक दिवसाच्या लग्नाकार्याला हे खपून जातं. सहा दिवसांच्या सहलीला खपत नाही; तिथं ओठ ओले करण्यापुरत्या घोटांवर दिवस काढावा लागतो. वाटेतल्या शौचालयांना कुठं दार नाही, कुठं कडी नाही, कुठं दार-कडी दोन्ही आहे पण आत पाय ठेवायची सोय नाही. सहाव्या दिवशी ताईंचं डोकं असं दुखत होतं की डोळे उघडवेनात. तरी त्यांनी गाडीतून बागेशेजारची ती पिवळी इमारत हेरली. वर निळ्या अक्षरांत पाटी: 'महिला प्रसाधनगृह'. खाली संगमरवरी कोनशिला. नवी कोरी.

"इथंच थांबा," त्या म्हणाल्या होत्या.

आणि दाराला कुलूप होतं.

बागेचा चौकीदार उकंडराव नळीनं झाडांना पाणी घालत होता. साठीचा, सडपातळ, डोक्याला मफलर. तंबू टाकायला त्यानं चटकन परवानगी दिली, कारण आजवर त्याच्याकडे कोणी कशाची परवानगी मागितलीच नव्हती. कुलपाचं मात्र त्याला नवल वाटलं.

"हे उघडायचं हाय? कशाले?"

"कशाले म्हणजे?" शरयूताई म्हणाल्या. "देवाले हात जोडाले!"

"तसं नाही जी. चार साल झाले, हे बंदच हाय. उद्घाटन बाकी हाय न. मोठ्या साहेबाची तारीखच नाही भेटून राह्यली." त्यानं कोनशिलेवर बोट फिरवलं. खरंच, 'शुभहस्ते'च्या पुढं आणि 'दिनांक'च्या पुढं गुळगुळीत संगमरवर होता.

"चावी कुणाजवळ हाय?"

"चाबी पालिकेत. म्या फक्त झाडाले पानी टाकतो."

शरयूताई कोनशिलेकडे पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. आवाज शांत होता, आणि तीस वर्षांच्या अनुभवानं चिंतामणरावांना त्या शांतपणाचीच भीती वाटायची.

"ऐका. मले फिराची लई हौस होती. पण हे असं डोकं धरून नाही फिरवत माह्यानं. हे कुलूप उघडलं तं पुढं जाऊ. नाही उघडलं तं सरळ चिखली. अन् मंग पुन्हा जन्मात मले 'चाल' म्हणू नका. तंबू भार्गवीले वापस."

खरं म्हणजे चिंतामणरावांना दुसरा पर्याय फार आवडला. चिखली! स्वतःचा पलंग! पण बायकोचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना तो आवडल्याची लाज वाटली, आणि ते रस्ता ओलांडून समोरच्या पालिकेत गेले.

तिथले आवक-जावक लिपिक भगवंतराव. टेबल तेच, शिक्का तोच, शाईच्या डबीवरची धूळसुद्धा ओळखीची. चिंतामणरावांना सहा दिवसांत प्रथमच घरी आल्यासारखं वाटलं.

"अर्ज द्या," भगवंतराव मान वर न करता म्हणाले.

हे वाक्य चिंतामणरावांनी स्वतः एकतीस वर्षं उच्चारलं होतं. ऐकलं आज पहिल्यांदा. तरी वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी कोरा कागद मागून घेतला, बाही सारली आणि लिहायला बसले. स्वतःचं नाव टाकणं बरं दिसेना, म्हणून अर्जदार, सौ. शरयू चिंतामण अंजनकर. विषय, बागेलगतच्या महिला प्रसाधनगृहाचे कुलूप उघडून मिळणेबाबत. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' पेन नुसतं धावत होतं. शिणलेल्या बैलाला घरची वाट सापडावी तसं. आणि शेवटाला आल्यावर, बैल ज्या सवयीनं आपल्या दावणीशी वळतो त्याच सवयीनं, पेनानं आपलं आपण लिहिलं:

'अन्यथा नाइलाजास्तव अर्जदारास सदर ठिकाणी आमरण उपोषणास बसावे लागेल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.'

यात चिंतामणरावांचा दोष नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेला एकही अर्ज या ओळीशिवाय संपला नव्हता. पांदणरस्त्याचा असो, विहिरीचा असो, नाही तर नावातली वेलांटी दुरुस्त करून मागणारा असो. त्यांच्या लेखी ती धमकी नव्हतीच. 'आपला विश्वासू'च्या आधी जी ओळ येते, ती ही.

भगवंतरावांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वा! काय मसुदा हाय साहेब! आजकाल असं कोणी लिहते काय? अक्षर पहा, मोती! कोणत्या हापिसात?"

"हाय... असंच," चिंतामणराव म्हणाले. दोघांनी चहा घेतला. भगवंतरावांनी शिक्का मारला. आणि अर्जात उपोषण हा शब्द आला की एक प्रत पोलीस ठाण्याला जाते, या नियमानुसार त्यांनी एक प्रत ठाण्याला पाठवली. चांगल्या माणसाचा चांगला कागद आपल्याकडून रखडू नये, एवढाच त्यामागं भाव.

इकडे तंबूपाशी कलाबाई येऊन बसली होती. ती बागेच्या फाटकाशी पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. पन्नाशीची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

"बाई, पानी काऊन नाही पेत? तोंड कसं सुकलं!"

शरयूताईंनी नुसतं त्या कुलपाकडे बोट केलं.

"हाव," कलाबाई म्हणाली. तिला आणखी काही सांगायची गरज पडली नाही. "मी बी नाही पेत. चार साल झाले, सकाळी सातले येतो, दिवस बुडाल्यावर जातो. समोर हे पिवळं देऊळ, अन् देव कुलपात. डॉक्टर म्हने, कलाबाई, मुतखडा हाय, पानी पेत जा. म्या म्हनलं, पेतो न बापा, पन मंग जाऊ कुठी? तुह्या दवाखान्यात?"

संध्याकाळी कलाबाईनं शरयूताईंना आटोत घालून आपल्या घरी नेलं. लांब होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं ताईंची अडचण तेवढ्यापुरती भागली. कलाबाईच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मात्र त्यांनी हात जोडून परत केला. "आत्ता पेलं की सकाळी पुन्हा आटो."

ही गोष्ट त्या गल्लीत पसरायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या निम्म्या वेळात पसरली.

सकाळी चिंतामणरावांना जाग आली ती माणसांच्या आवाजानं. तंबूतून डोकं बाहेर काढून पाहतात तो समोर वीस-बावीस बाया सतरंजी टाकून बसलेल्या. मधोमध गादी, गादीवर लोड, आणि लोडाला टेकून शरयूताई. गळ्यात झेंडूचा हार. एक बाई त्यांचं डोकं चेपत होती. आणि एक पोलीस शिपाई वही घेऊन उभा होता.

"उपोषणार्थी कोण हाय इथं?"

"कोणतं उपोषण?" चिंतामणराव म्हणाले.

शिपायानं कागद पुढं केला. चिंतामणरावांनी आपलं अक्षर ओळखलं. मग ओळ ओळखली. मग त्यांना थंडीच्या सकाळी घाम आला. सरकारी नोकर, रजेचं कारण 'कौटुंबिक', निवृत्तीला चौदा महिने, आणि बायको आमरण उपोषणाला!

ते अर्ध्या मिशीला झोप लागलेली असताना पालिकेत धावले.

"भगवंतराव, तो अर्ज मागं घेतो!"

"घ्या न साहेब. अर्ज द्या."

"द्या कागद."

"तुम्हाले नाही देता येत. अर्जदारानंच द्याले लागते." भगवंतरावांचा चेहरा पडला. "पण मी काय म्हणतो, इतका सुंदर मसुदा, मागं कायले घेता?"

चिंतामणराव परत आले आणि गादीपाशी उकिडवे बसले. "शरयू, सही कर. झालं तेवढं बस झालं."

शरयूताईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. कुणीतरी कपाळाला बाम चोळत होतं. तीस वर्षांत त्यांचं डोकं पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या हातात होतं. "मी नाही देत सही. मी काय खोटं बोलली? पाणी तं मी सहा दिवसांपासूनच धड पेत नाही. तुम्ही फक्त कागदावर आणलं."

"अगं, माही नोकरी..."

"अर्जात तुमचं नाव कुठी हाय?"

ते नव्हतं; होतं ते फक्त तिच्या नावाच्या मधोमध. आपल्याच हुशारीनं आपण असे कधी कोंडले गेलो नव्हतो, हे चिंतामणरावांनी कबूल केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की काल दुपारपासून पोटात काही नाही. गाडीच्या खणात शेगावहून घेतलेल्या दोन कचोऱ्या होत्या. ते सहज फिरायला निघाल्यासारखे गाडीकडे गेले, आत वाकले, कचोरी हातात घेतली, आणि पाठीमागून आवाज आला.

"नमस्कार! आपण पाहत आहात, थेट उपोषणस्थळावरून! उपोषणार्थीचे पती म्हणून तुमची भूमिका काय?"

हा प्रेम. गावातला वार्ताहर. स्वतःच्या मोबाईलवर स्वतःची वाहिनी चालवायचा. चिंतामणरावांनी कचोरीचा हात पाठीमागे नेला आणि मोबाईलच्या त्या काळ्या डोळ्याकडे पाहत, काही सुचेना म्हणून म्हणाले, "मी... तिच्यासोबत आहे."

"म्हणजे तुम्हीही अन्न सोडलं?"

चिंतामणरावांना पाठीमागे हातावर काहीतरी ओलसर लागलं. वळून पाहिलं तर बागेतलं कुत्रं कचोरी घेऊन चाललं होतं.

"सोडलं," ते म्हणाले.

अकरा वाजता सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी शरयूताईंचा रक्तदाब पाहिला. "उत्तम! ताई, कधी इतका आराम केला होता?" मग त्यांची नजर तंबूच्या दोरीला धरून उभ्या असलेल्या चिंतामणरावांवर गेली. त्यांनी त्यांचाही दाब पाहिला, दोनदा पाहिला, आणि परिचारिकेला म्हणाले, "हे उपोषणार्थी नाहीत म्हणता? मंग याहिले सलाईन लावा पहिले."

अशा रीतीनं आंदोलनाला दुपारपर्यंत एक सलाईनची बाटलीही मिळाली. ती तंबूच्या कमानीला टांगली होती. प्रेमनं तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'पतीची प्रकृती खालावली.' यात खोटं काहीच नव्हतं.

त्या फोटोनं मुख्याधिकाऱ्यांना जाग आली. तरुण माणूस, नवी बदली, इस्त्रीचा शर्ट. ते दुपारी दोनला आले. सोबत भगवंतराव, भगवंतरावांच्या हातात ताट, ताटात लिंबूपाण्याचा पेला आणि पेल्यावर झाकण म्हणून घडी केलेला एक कागद.

"ताई," मुख्याधिकारी गादीशेजारी बसत म्हणाले, "तुमची मागणी रास्त आहे. हे घ्या लेखी आश्वासन. हे वाचा, पाणी घ्या, आणि उपोषण सोडा. तुम्ही प्रवासाला मोकळ्या, आम्ही कामाला."

कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. शरयूताईंनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि चिंतामणरावांपुढं धरला.

"तुम्ही वाचा. मले यातलं समजत नाही. तुम्हाले समजते."

चिंतामणरावांनी सलाईन नसलेल्या मोकळ्या हातानं कागद घेतला. आणि वाचता वाचता त्यांना वाटलं, आपण आरशात पाहतो आहोत. 'सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. तरी आपण उपोषणापासून परावृत्त होऊन प्रशासनास सहकार्य करावे.' असे कागद त्यांनी स्वतः शेकड्यांनी टंकून घेतले होते. त्यातला एकेक शब्द त्यांच्या घरचा होता. 'नियमानुसार' म्हणजे नियम सापडल्यावर. 'उचित कार्यवाही' म्हणजे फाईल कपाटात. 'यथावकाश' म्हणजे साहेबांची पुढची बदली होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी कागद कोणत्या गठ्ठ्यात जातो आणि त्या गठ्ठ्याला कोणत्या रंगाचं फडकं असतं, हेही ते सांगू शकले असते.

"काय म्हणते कागद?" शरयूताईंनी विचारलं. हळू, फक्त त्यांना ऐकू येईल असं. "चांगला हाय का? खरं सांगा. तुम्ही चांगला म्हणसान तं मी उठतो."

एक शब्द बोलायचा होता. 'चांगला.' मग लिंबूपाणी, टाळ्या, गाडी, आणि संध्याकाळी चिखली. पलंग. सोमवारी नोकरीवर हजर, कुणाला काही पत्ता नाही. चिंतामणरावांनी समोर पाहिलं. भगवंतराव त्यांच्याकडे मोठ्या आशेनं पाहत होते, एका लिपिकानं दुसऱ्याकडे पाहावं तसं. त्या नजरेत सगळं होतं: साहेब, तुम्ही-आम्ही एकाच टेबलाचे, सांभाळून घ्या.

मग त्यांनी बायकोच्या ओठांकडे पाहिलं. फुटले होते. सहा दिवस शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईचे ओठ आपण आज पाहतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते इतके थकलेले होते की खोटं बोलायचं बळच राहिलं नव्हतं.

"या कागदाचा अर्थ काही नाही," चिंतामणराव म्हणाले. हळू म्हणायला गेले, पण निम्मा जन्म खालच्या आवाजात गेल्यामुळे आज निघाला तो एकदम वरचा निघाला. "काही नाही! हे कुलूप पुढले चार साल उघडत नाही. मी सांगतो. असे कागद मी रोज लिहतो!"

मग कलाबाईनं जी आरोळी ठोकली, ती म्हणे चौकापर्यंत गेली.

"ऐकलं काय वो सायेब? कागद नोको! चाबी पायजे!"

"चाबी! चाबी!" बाया उठल्या.

मुख्याधिकाऱ्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी फाईलकडे पाहिलं. चावी कंत्राटदाराकडे होती. कंत्राटदारानं ती आपल्या गाडीच्या जुडग्यात ओवली होती. गाडी त्यानं जालन्याला विकली होती. जुडगं गाडीसोबत गेलं होतं.

"मग कुलूप तोडा," मुख्याधिकारी म्हणाले.

"शासकीय मालमत्ता हाय साहेब," भगवंतराव म्हणाले. "पंचनामा लागते. दोन पंच लागतात. अन् तोडणाऱ्याच्या नावानं आदेश काढा लागते. ज्याच्या नावानं निघन, त्याची पुढं चौकशी."

सगळे कर्मचारी दोन पावलं मागं सरकले. एवढी शिस्तबद्ध कवायत त्या पालिकेनं ध्वजवंदनालाही केली नव्हती. तेवढ्यात उकंडरावानं नळी बंद केली, मफलर आवळला, झाडांना आळं करायची लोखंडी सब्बल उचलली आणि तो चालत दारापाशी गेला.

"म्या रोजंदारीवर हावो," तो म्हणाला. "मले सस्पेंड कराले मले पहिले परमनंट करा लागन."

एका घावात कुलूप खाली पडलं.

आत टाइल्सवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. नळाला कागदी वेष्टन. आरसा इतका कोरा की त्यात आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. उकंडरावानं झाडाची नळी खिडकीतून आत सोडली, टाकी भरली. बाया बाजूला झाल्या आणि शरयूताईंना वाट करून दिली.

शरयूताई गादीवरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "कलाबाई, जा तू पहिले."

"नाही बाई, मान तुमचा हाय."

"मी एक दिवसाची पाहुणी. तू चार साल उभी हायेस. जा."

कलाबाई आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर वीस-बावीस बाया, एक मुख्याधिकारी, एक शिपाई आणि एक वार्ताहर मोठ्या अदबीनं दुसरीकडे पाहत उभे राहिले. प्रेमनं मोबाईल खिशात घातला होता, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

मग शरयूताई जाऊन आल्या. मुख्याधिकाऱ्यांच्या हातचं लिंबूपाणी त्यांनी घेतलं, आणि मग पाणी मागितलं. एक पेला. दुसरा. तिसरा. मान मागं टाकून, गळ्याचा आवाज करत. चिंतामणरावांना त्यांचं लग्न झाल्यापासून बायकोला रस्त्यावर पाणी पिताना पाहिल्याचं आठवेना. ते पाहतच राहिले. त्यांच्या हातातली सुई काढायला आलेल्या परिचारिकेला वाटलं, यांना ग्लानी आली.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे सुरू झाला, कारण आता चिखली म्हणण्याचा अधिकार चिंतामणरावांनी स्वतःच गमावला होता. पण प्रेमची बातमी गाडीच्या पुढं पळत होती. 'तंबूवाली ताई' म्हणून ताईंचा फोटो प्रत्येक कचेरीच्या मोबाईलवर जाऊन पोचला होता. पुढच्या गावच्या वेशीवर एक माणूस चाव्यांचं जुडगं डोक्यावर धरून हालवत उभा होता.

"ताई, उघडलं हाय! पाहून घ्या! फिनाईल बी टाकलं!"

त्याच्या पुढच्या गावात दाराला नवा पडदा होता आणि आत उदबत्ती लावली होती. शरयूताई प्रत्येक ठिकाणी उतरत, आत जाऊन येत, पाणी पीत आणि म्हणत, "छान हाय." पण चिंतामणरावांनी डिकीतून तंबूची पिशवी नुसती सरकवली, की चाव्यांचा माणूस पाया पडायच्या बेतात येई. "साहेब, काही बी करा, तंबू नोका काढू! इथून जवळच विश्रामगृह हाय. साहेबानं खोली ठेवली तुमच्यासाठी. गरम पानी हाय, गादी हाय!"

गादी! दोन दिवस चिंतामणरावांनी विश्रामगृहांची ती गादी डोळ्यांत पाणी आणून अनुभवली. तिसऱ्या दिवशी, सहलीच्या शेवटच्या मुक्कामाला, अभयारण्याच्या कडेच्या विश्रामगृहात ते दुपारी तीनलाच आडवे झाले. पांढरी चादर. जाड उशी. वर पंखा हळूहळू फिरत होता. डोळे मिटणार एवढ्यात व्हरांड्यातून खानसामा फोनवर ओरडताना ऐकू आला.

"हॅलो! हॅलो साहेब! बाईनं तंबू लावला जी! हाव, हिरवळीवरच! काय मागनी हाय ते नाही सांगतलं अजून!"

चिंतामणराव कोपरावर उठले आणि खिडकीतून पाहिलं. हिरवळीच्या मधोमध तंबू उभा होता. त्याच्या दाराशी शरयूताई पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या.

"अगं, हे काय? आत चांगली खोली असताना?"

"कोंदट वाटते," शरयूताई म्हणाल्या. "मी आभाळ पाहाले निघाली होती. तुम्ही झोपा खुशाल. मी नाही येत आत."

चिंतामणरावांनी खानसाम्याला हाक मारली. तो घाबरा होऊन दारात आला.

"तहसीलची जीप इथं याले किती वेळ लागते?"

"पंधरा मिनिटं लागतीन साहेब. फार तं वीस."

चिंतामणराव परत आडवे झाले. जीप येईल, मागून डॉक्टर येतील, लिंबूपाणी येईल, कुणीतरी मागणी विचारील, आणि शरयूला एखादी आठवेलही. ते पाय लांब करून गादीच्या मऊ मध्यात सरकले, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि खानसाम्याला म्हणाले, "मंग दार लोटून घे."

पंधरा मिनिटं म्हणजे काही कमी झोप नव्हे.